कॅमेरा कुणाच्या उंचीवर उभा आहे?

दरवर्षी ६ डिसेंबरच्या रात्री घरी परतल्यावर आम्ही एक काम न चुकता करतो. टीव्ही लावतो आणि दिवसभर ज्या चैत्यभूमीवर आम्ही होतो, ती चैत्यभूमी वाहिन्यांच्या पडद्यावर कशी दिसते ते पाहतो. बहुतेक वेळा तेच दिसते. उंच इमारतीच्या गच्चीवरून, आणि आता ड्रोनवरून घेतलेले दृश्य. खाली नुसत्या डोक्यांचा समुद्र. चेहरा एकही नाही. सोबत निवेदिकेचा आवाज: प्रचंड गर्दी, वाहतुकीत बदल, जादा गाड्या. मग दुसरे दृश्य. पदपथावर चादर अंथरून झोपलेली माणसे, उभ्या माणसाने वरून टिपलेली. तिसरे दृश्य कचऱ्याचे. बातमी संपते.

आम्ही त्याच दिवशी, त्याच जागी काय पाहिलेले असते? शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे वाकून पुस्तके चाळणारी पोरे पाहिलेली असतात. स्वतःला अक्षर न ओळखता येणारी एक म्हातारी नातवासाठी पुस्तक मागते आणि कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढून मोजते, ते पाहिलेले असते. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभ्याने आलेला आणि तरीही तासन् तास रांगेत शांतपणे उभा असलेला शेतमजूर पाहिलेला असतो. आता सांगा, खोटे कुणी दाखवले? कुणीच नाही. गर्दी होतीच. कचराही होता. मग फरक कशात पडला? कॅमेरा कुठे उभा होता, यात पडला!

आज आम्हाला एवढ्याच एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा हा तंत्राचा प्रश्न आहे, असे सिनेमावाले सांगतात. ते खरेच आहे. पण आमचे म्हणणे असे की, तो तितकाच माणुसकीचा प्रश्न आहे. आणि ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे वरून पाहणाऱ्या नजरा आल्या, त्यांनी तर तो प्रश्न समजून घेतलाच पाहिजे.

कॅमेऱ्याची भाषा फार अवघड नाही. कॅमेरा वर ठेवून खाली पाहिले की समोरचा माणूस लहान, एकटा, असहाय दिसतो. याला हाय अँगल म्हणतात. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिले की तोच माणूस मोठा, सामर्थ्यवान, प्रसंगी भीतिदायक दिसतो. हा लो अँगल. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणला की तो तुमच्या-आमच्यासारखा माणूस दिसतो. क्लोजअपमध्ये चेहरा सगळा पडदा व्यापतो आणि पापणी लवली तरी कळते. लाँग शॉटमध्ये माणूस आणि त्याच्या भोवतालचे जग एकत्र दिसते. शिवाय एका दृश्याशेजारी दुसरे कोणते ठेवले, यावरही भावना ठरते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, तर कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला. चेहरा तोच होता. पण पाहणाऱ्यांना एकदा त्यावर भूक दिसली, एकदा दुःख दिसले. चैत्यभूमीच्या गर्दीशेजारी कचरा जोडला की प्रेक्षकाला काय दिसत असेल, ते आता वेगळे सांगायला नको.

आणि जातिव्यवस्था म्हणजे तरी दुसरे काय होते? कुणी कुठे उभे राहायचे, कुणी मान वर करून बोलायचे आणि कुणी मान खाली घालून ऐकायचे, याचेच तर ते नियम होते. पाटलाच्या वाड्याचा ओटा उंच आणि पायरीखाली उभे राहून जोहार घालणारा आमचा आजोबा खाली. म्हणजे हाय अँगल आणि लो अँगल आम्हाला गावाने सिनेमाच्या कितीतरी आधी शिकवले होते! ओट्यावरच्या माणसाला आजोबा जसा दिसत होता, तसाच तो पुढे पडद्यावर दिसू लागला, कारण कॅमेरा बराच काळ ओट्यावरच उभा होता.

१९३६ सालचा बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ घ्या. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ वर्शिंग, दोघेही जर्मन. देविका राणीच्या चेहऱ्यावर मऊ, रेशमी प्रकाश टाकून घेतलेले क्लोजअप आजही सुंदर वाटतात. त्या काळी अस्पृश्य मुलगी नायिका म्हणून दाखवणे धाडसाचेच होते, हे आम्ही मान्य करतो. पण तो प्रकाश पाहणाऱ्याच्या मनात काय जागे करतो? कणव. ‘बिचारी!’ असे म्हणून प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो. शेवटी ती मुलगी रेल्वेखाली मरते, प्रश्नही तिच्याबरोबर मरतो. त्याच १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने रद्द केलेले आपले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले होते. एकीकडे कणव मागणारा पडदा आणि दुसरीकडे हिशेब मागणारे पुस्तक! १९५९ सालच्या बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये नूतनने विलक्षण काम केले. पण तिथेही मुलीला सांभाळणाऱ्या आईला रक्त देऊन आपली योग्यता सिद्ध करावी लागते. तिची मान खाली, डोळे ओले. करुणा वाईट नाही. भगवान बुद्धांच्या धम्माचा तो गाभा आहे. पण करुणा माणसाच्या शेजारी बसते. कीव मात्र वरून खाली पाहते. हा फरक कॅमेऱ्याच्या उंचीत स्पष्ट दिसतो.

पुढे काळ बदलला. १९७४ साली श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. गोविंद निहलानी यांचा कॅमेरा होता. जमीनदार मुक्या-बहिऱ्या किष्टय्याला चाबकाने मारतो आणि शेवटी एक लहान मुलगा त्या जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो. पडदा लाल होतो. मोठा शेवट होता तो. पण त्या दगडाचे लक्ष्य जमीनदार होता. सिनेमागृहात बसलेला प्रेक्षक सुरक्षित होता. तो त्या मुलाच्या बाजूने टाळ्या वाजवू शकत होता.

त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. कैकाडी समाजातला जब्या. गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरावर लादलेले. डुकरामागे धावणारे हे कुटुंब सारा गाव तमाशा पाहावा तसा पाहतो, हसतो, चिडवतो. कॅमेरा मात्र हसणाऱ्यांच्या घोळक्यात बसून राहत नाही. तो जब्याबरोबर धावतो, त्याच्याबरोबर लपतो, त्याच्याबरोबर लाजेने गाडला जातो. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हे सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. या प्रसंगात एक शब्द भाष्य नाही, पण देश कुणाचा आणि देशाचा मान कोण राखतो, हे त्या स्थिर उभ्या माणसांच्या दृश्याने सांगून टाकले. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून ही माणसे शाळेच्या भिंतीवरून नेतात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि इतर समाजसुधारकांची चित्रे. कॅमेरा आडवा, माणसे आणि चित्रे एकाच चौकटीत. ही चौकट पाहताना सिनेमागृहात आमची मान खाली गेली होती, हे आम्ही लपवत नाही.

आणि मग शेवटचा दगड. जब्या तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने मारतो. म्हणजे कुणाला? आपल्याला! तिकीट काढून आरामात बसलेल्या प्रत्येकाला. ‘अंकुर’चा दगड खिडकीवर गेला, ‘फँड्री’चा दगड पाहणाऱ्याच्या कपाळावर आला. दगडाची दिशा का बदलली? कारण यावेळी कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस त्या वस्तीतल्या जगण्यातून आलेला होता. कुणी वर बसून दुःख न्याहाळावे, ही सोयच त्याने ठेवली नाही.

जवळून दाखवले म्हणजेच भावना पोहोचते, असाही समज आहे. आमच्या काही तरुण मित्रांना वाटते की रडणारा चेहरा जितका मोठा, तितके दुःख मोठे. त्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ पुन्हा पाहावा. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा दारू का पीत होता, त्याचा एक डोळा कसा गेला, हे ती साध्या, सपाट आवाजात सांगते. छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा लांब, स्थिर उभा असतो. क्लोजअप नाही, पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे तिच्याबरोबर आपल्याला सगळे कोर्ट दिसते: उंचावर बसलेला न्यायाधीश, कागद चाळणारे वकील, आपापल्या तारखेची वाट पाहणारे लोक. एका बाईचे आयुष्य उद्ध्वस्त झाले आहे आणि त्या खोलीतले कामकाज यंत्रासारखे चालू आहे, ही भयंकर गोष्ट फक्त लाँग शॉटच सांगू शकतो. क्लोजअप घेतला असता तर आपण रडून मोकळे झालो असतो आणि व्यवस्था चौकटीबाहेर सुटली असती. याच चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे उभे करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. २०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले.

‘सैराट’चा (२०१६) शेवट तर घराघरात पोहोचला. आर्ची-परश्याची हत्या कॅमेरा दाखवत नाही. लहानगे मूल घरात येते, आणि त्या क्षणापासून आवाज नाहीसा होतो. कॅमेरा मुलाच्या उंचीवर उतरतो. मागे उरतात रक्ताने उमटलेली इवली पावले. तलवार, किंकाळी, रक्ताच्या चिळकांड्या यांपैकी काहीही दाखवले असते तरी ते चार दिवसांत विसरले गेले असते. ती पावले विसरता येत नाहीत.

उंचीचा हा विचार परक्या भूमीतही झालेला आहे. जपानचे यासुजिरो ओझू हे ‘टोकियो स्टोरी’सारख्या (१९५३) चित्रपटांत कॅमेरा अगदी खाली ठेवत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका किंवा त्याहूनही खाली. कारण जपानी घरातली माणसे जमिनीवर बसत. आता आपल्या वस्तीतले घर आठवा. आपली आईही जमिनीवर बसूनच भाकरी थापत होती ना? मग तिचे चित्रण करायला येणारे बहुतेकजण उभ्यानेच का करतात? गुडघे दुखतात म्हणून? की खाली बसण्याची सवय नाही म्हणून?

मात्र यातून कुणी असा नियम काढू नये की, वरून घेतलेले प्रत्येक दृश्य अपमानाचे असते. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून दादर चौपाटीकडे निघाली, तेव्हा तिचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. लेखक आणि सिनेमाक्षेत्रातला माणूस असलेले व्हटकर हे स्वतः दलित समाजातले होते. आज तो अफाट जनसागर आपण पाहतो, तेव्हा तीही गर्दीच असते. पण ती पाहून कुणाच्या मनात ‘वाहतुकीचे काय झाले असेल’ असा प्रश्न येतो काय? तिथे गर्दीचा अर्थ होतो पोरका झालेला समाज. कारण ज्याच्या हातात कॅमेरा होता, त्याचाही बाप त्या दिवशी गेला होता! कोन तोच असला तरी नाते बदलले की अर्थ बदलतो. व्हटकरांनी त्या दिवशी खिशाकडे पाहिले असते तर आमच्या पिढ्यांना तो दिवस दिसलाच नसता, ही गोष्ट समाजाने विसरू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. व्हटकरांना जो कॅमेरा मिळवायला झटावे लागले, तो आज प्रत्येक भीमनगरातल्या पोराच्या खिशात आहे. त्याचे आपण काय करतो आहोत?

११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. ती चित्रफीत मारणाऱ्यांच्याच बाजूने काढली आणि पसरवली गेली होती. कॅमेरा मारणाऱ्याच्या हाताशेजारी उभा होता. धाक बसावा हाच त्याचा हेतू होता. पण देशभरातल्या समाजाने ती उलट्या बाजूने वाचली आणि ती चित्रफीतच मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष झाली. हे आपल्या जागृतीचे यश. पण आपण स्वतः काय करतो? अन्यायाची घटना घडली की प्रेताचे, फाटलेल्या कपड्यांचे, आक्रोश करणाऱ्या आईचे क्लोजअप तासाभरात व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. २००६ साली खैरलांजीनंतर भोतमांगे कुटुंबीयांच्या मृतदेहांची छायाचित्रे अशीच फिरली. त्या छायाचित्रांनी समाज पेटून उठला, हे खरे. आम्हीही तेव्हा ती हातोहात पुढे दिली. पण आज वाटते, आपल्या मायबहिणीची ती अवस्था हजारो अनोळखी नजरांपुढे मांडण्याआधी भैयालाल भोतमांगे यांच्या मनाचा विचार आम्ही केला होता काय? १९५५ साली अमेरिकेत चौदा वर्षांच्या एमेट टिल या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी अमानुष खून केला. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला आणि ‘जेट’ मासिकाने तो चेहरा छापला. त्याने अमेरिका हादरली. पण तो निर्णय आईचा होता. फरक इथे आहे. दुःख ज्याचे, पहिला हक्क त्याचा. शिवाय बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, हेही आपल्या पोरांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरे दुखणे उलट्या टोकाचे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत कॅमेरा जमिनीला टेकवून, पावले संथ करून, मागे ढोल वाजवून आपल्या गल्लीतल्या नेत्याला महानायक बनवणाऱ्या रील्स आम्ही रोज पाहतो. लो अँगलची ही नशा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता; ती अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असे बजावले होते. त्यांच्याच नावाच्या मिरवणुकीत कॅमेऱ्याने ती वाट धरावी? शतकानुशतके ओट्याकडे मान वर करून पाहिले, ते पुन्हा नवा ओटा बांधण्यासाठी काय?

म्हणून आमची तरुणांना विनंती आहे. चित्रीकरण करण्याआधी विचारा. म्हातारी जमिनीवर बसली असेल तर तुम्हीही बसा. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि घाई न करता तिथेच थांबा. ती बोलायची थांबली तरी थांबा. माणसाचे खरे बोलणे पुष्कळदा त्या थांबण्यात असते. चेहरा दाखवणे योग्य नसेल तेव्हा हात दाखवा, चप्पल दाखवा, दाराला लावलेले कुलूप दाखवा. गर्दी वरून जरूर दाखवा, पण आधी तिच्यातले चार चेहरे दाखवा. जुलूम होत असेल तर कॅमेरा मार खाणाऱ्याच्या बाजूला उभा करा, आणि मारणाऱ्याचा चेहरा स्पष्ट येऊ द्या.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, कारण आमच्या विषयी दुसरेच बोलत होते. आज आमच्याकडे दुसरेच पाहत आहेत आणि त्यांना जे दिसते तेच जग पाहत आहे. यंदाच्या ६ डिसेंबरला आम्ही ठरवले आहे. चैत्यभूमीवर जाऊ, पुस्तकांच्या स्टॉलपुढे मांडी घालून बसू आणि नातवासाठी पुस्तक मागणाऱ्या त्या म्हातारीच्या नजरेच्या उंचीवर आमचा मोबाईल धरू. रात्री टीव्हीवर काय दाखवतात ते दाखवोत. तुम्हीही या.

जय भीम!